कचऱ्यावर हक्क कुणाचा? पुण्याच्या ‘स्वच्छ’ संस्थेचं प्रकरण

सकाळी पावणेआठच्या सुमारास आमच्या जिन्यात बादल्यांचा आवाज सुरू होतो. दोघीजणी येतात. एक सगळ्यात वरच्या मजल्यावर जाऊन दारादारातून कचरा घेत खाली उतरते. दुसरी फाटकापाशी ढकलगाडी धरून उभी असते. ओला कचरा बकेटमध्ये आणि सुका पोत्यात जातो. डायपर आणि पॅडची पुडकी बाजूला टांगलेल्या वेगळ्या पिशवीत पडतात. एखाद्या घरानं सगळं एकत्र कोंबून दिलं असलं, तर मावशी तिथेच दार वाजवून सांगतात, “ताई, उद्यापासून वेगळं द्या, मला हातानं निवडावं लागतं.” अर्ध्या तासात आमची इमारत संपते आणि गाडी पुढच्या फाटकाकडे वळते.

अशा एका जोडीकडे साधारण दोनशे ते तीनशे घरं असतात. घरं संपली म्हणजे दिवस संपला असं नव्हे. ओला कचरा आणि टाकाऊ माल फीडर पॉइंटवर, म्हणजे महापालिकेची गाडी जिथे उभी राहते तिथे, द्यायचा असतो. मग सुक्याची पोती उपसून निवडायला बसायचं. पुठ्ठा, रद्दी, पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या पिशव्या, काच, पत्रा, जाड प्लास्टिक या प्रत्येकाचा भाव वेगळा, म्हणून ढीगही वेगळा. दुपारपर्यंत तो माल भंगाराच्या दुकानात तोलला जातो. त्यांची कमाई दोन वाटांनी येते. प्रत्येक घर महिन्याला थोडे पैसे देतं, आणि सुका माल विकून जे येतं तेही त्यांचंच.

पुण्यात हे काम करणाऱ्या साडेतीन हजारांहून अधिक जणांची, त्यातही बहुतांश बायकांची, स्वतःच्या मालकीची सहकारी संस्था आहे. तिचं नाव ‘स्वच्छ’. घरं, महापालिका, कामगारांची संघटना आणि पुढे काही उद्योग असे चार घटक एकाच कामात बांधले गेल्याचं हे उदाहरण देशभर सांगितलं जातं. इतर शहरांतले अधिकारी आणि संस्था ते बघायला येतात. ढकलगाडीचे फोटो काढतात, करारनाम्याची प्रत मागतात. मला वाटतं, त्यांनी आधी 1993 सालापासूनचा इतिहास मागून घ्यावा, कारण ही व्यवस्था उभी आहे ती त्यावर.

पोतं, आकडी आणि कंटेनर

1990 च्या आसपासचं पुणं आठवून बघा. चौकाचौकात लोखंडी कंटेनर असायचे. घरातला कचरा त्यात टाकला की आपला संबंध संपला. त्या कंटेनरमध्ये उतरून कागद, काच, पत्रा वेचणाऱ्या बायका प्रामुख्यानं मातंग आणि बौद्ध समाजातल्या होत्या. कितीतरी कुटुंबं 1972 च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आणि आसपासच्या कोरडवाहू भागातून पुण्यात आलेली. पाठीवर पोतं, हातात लोखंडी आकडी आणि कुत्र्यांशी, पोलिसांशी, फाटकावरच्या पहारेकऱ्याशी रोजची हुज्जत. परिसरात कुठेही चोरी झाली की पहिला संशय यांच्यावर.

एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाच्या पुण्यातल्या प्रौढ शिक्षण विभागानं कचरा वेचणाऱ्या मुलांसाठी आणि बायकांसाठी साक्षरतेचं काम सुरू केलं होतं. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या तिथल्या प्राध्यापिका बायकांबरोबर पहाटे फेरीला जाऊ लागल्या. अक्षरं शिकवायला गेलेल्यांना आधी कामच शिकून घ्यावं लागलं. मग साधा प्रश्न पुढे आला. हाच कागद, हीच बाटली कंटेनरमध्ये सडलेल्या अन्नात मिसळण्याआधी घरातूनच वेगळी मिळाली तर? माल स्वच्छ राहील, भाव चांगला येईल, तासांची उपसाउपस वाचेल. कोरेगाव पार्क भागात काही बायकांनी तसं दारोदार गोळा करायला सुरुवात केली.

हे जमू लागतंय तोच गाडी घेऊन एक व्यावसायिक त्याच भागात उतरला आणि घरोघरचा कचरा उचलण्याची सेवा देऊ लागला. ज्या मालावर बायकांची चूल पेटायची तो सगळा त्याच्या गाडीत जाणार होता. बायका जमल्या आणि त्यांनी विरोध केला. या सगळ्या प्रकरणातला कळीचा प्रश्न तिथेच पहिल्यांदा उघडपणे विचारला गेला: फेकलेल्या वस्तूवर हक्क कुणाचा? फेकणाऱ्याचा, गाडीवाल्याचा, महापालिकेचा, की ज्यांनी वर्षानुवर्षं उकिरड्यातून त्या वस्तूला किंमत मिळवून दिली त्यांचा?

मे 1993 मध्ये डॉ. बाबा आढाव यांच्या अध्यक्षतेखाली कचरावेचकांचं अधिवेशन भरलं. आठशेवर कचरावेचक आले होते. त्यातून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ जन्माला आली. बाबांमागे हमाल पंचायतीचा अनुभव होता. डोक्यावर ओझं वाहणाऱ्यांनी एकत्र येऊन कामाचा दर आणि कामाची प्रतिष्ठा कशी मिळवायची, हे पुण्यानं 1955 पासून पाहिलेलं होतं. त्यामुळे इथे धर्मादायाची भाषा पहिल्यापासून नव्हती. ही कामगारांची संघटना होती, वर्गणी भरणाऱ्या सभासदांची.

1995-96 च्या सुमारास पंचायतीच्या ओळखपत्रांवर पुणे महापालिकेनं मान्यतेची मोहोर उठवली. देशात असं पहिल्यांदाच घडत होतं. छायाचित्र लावलेला एक छोटा कागद, पण पोलिसानं हटकलं तर दाखवायला काहीतरी आहे, आणि तेही महापालिकेनं मान्य केलेलं! ज्या बाईला ‘ए कचरेवाली’ म्हणून हाक मारली जायची, तिच्याकडे स्वतःच्या नावाचा आणि कामाचा पुरावा आला. पुढे पंचायतीची पतसंस्था झाली आणि सावकाराचा विळखा थोडा सैल झाला.

श्रमाची किंमत काढली तेव्हा

संघटनेनं केलेलं पुढचं काम मला सगळ्यात हुशारीचं वाटतं. तिनं हिशोब मांडला. 2001 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात असं निघालं की प्रत्येक कचरावेचक दर महिन्याला 246 रुपयांचं काम महापालिकेसाठी फुकट करते. ती जेवढा माल उचलून पुनर्वापरात नेते, तेवढा महापालिकेला वाहून न्यावा लागत नाही आणि डेपोवर टाकावा लागत नाही. तो वाचलेला खर्च म्हणजे तिनं शहराला दिलेलं अनुदान.

अनुदान गरिबांना दिलं जातं, असं आपण धरून चालतो. इथे ते उलट्या दिशेनं वाहत होतं आणि आता ते आकड्यात होतं. या आकड्याच्या जोरावर पंचायतीनं दान न मागता परतफेड मागितली. 2002-03 मध्ये पुणे महापालिका नोंदणीकृत कचरावेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरू लागली. हेही देशात पहिलंच उदाहरण. विम्याची रक्कम फार मोठी नव्हती, पण तुमचं काम हे शहराचं काम आहे, ही कबुली तीत होती.

कायदा आला आणि धोका वाढला

कचऱ्याच्या प्रश्नावर अलमित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. त्यातून 2000 साली नागरी घनकचऱ्याचे नियम आले. घरोघरी जाऊन कचरा गोळा करा, उगमापाशीच वेगळा करा, कंटेनर हटवा, असं ते नियम सांगत होते. पर्यावरणाच्या दृष्टीनं हे चांगलंच होतं. कचरावेचकांसाठी मात्र त्यात मोठा धोका होता. कंटेनर हटले की वेचायला काही उरणार नाही, आणि घरोघरचं काम मोठ्या गाड्या घेऊन ठेकेदार करणार. चांगल्या हेतूचा नियम हजारो बायकांची रोजी एका फटक्यात संपवू शकत होता, आणि अनेक शहरांत तसंच झालं.

पुण्यात तसं पूर्णपणे झालं नाही, कारण तोवर संघटना दहा-बारा वर्षांची झाली होती. तिच्याकडे सभासद होते, ओळखपत्रं होती, स्वतःच्या श्रमाचा हिशोब होता आणि दारोदार काम करून पाहिल्याचा अनुभव होता. नियमांनी जे काम करायला सांगितलं आहे ते आम्हीच करू, असं ती म्हणू शकली. 2005 पासून काही भागांत प्रयोग झाला. 2007 मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था नोंदली गेली आणि 2008 मध्ये तिचा पुणे महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला.

म्हणजे पहिल्या अधिवेशनापासून करारापर्यंत पंधरा वर्षं गेली. ही पंधरा वर्षं वगळून कुणी ‘पुणे पॅटर्न’ राबवायला जातं तेव्हा वेचकांना गणवेश आणि हातमोजे मिळतात, पण बोलणी करायला टेबलाजवळ खुर्ची मिळत नाही. मग पहिलं निवडणूक वर्ष आलं किंवा अधिकाऱ्याची बदली झाली की गाडं तिथेच अडतं.

कराराची रचना समजून घेण्यासारखी आहे. घरातून कचरा उचलण्याचे पैसे महापालिका देत नाही. ते घर देतं. महापालिका ढकलगाड्या, बकेट, हातमोजे यांसारखं साहित्य पुरवते, संस्थेच्या देखरेखीचा आणि समन्वयाचा खर्च उचलते, वर्गीकरणासाठी शेड देते. पुढची वाहतूक आणि प्रक्रिया तिच्याकडे. वस्त्यांमधल्या घरांना पूर्ण शुल्क परवडत नाही, म्हणून तिथे महापालिका काही भर घालते. आणि विकण्याजोगा सुका माल वेचकांचा. ही शेवटची ओळ कागदावर छोटी दिसते. माझ्या मते करारातली सगळ्यात मोलाची ओळ तीच.

घराचा वाटा

सुरुवातीला शुल्क होतं घरामागे महिन्याला 10 ते 30 रुपये. पुढे ते टप्प्याटप्प्यानं वाढलं. तरी चहाच्या खर्चापेक्षा ते कमीच. एवढ्यावरून किती सोसायट्यांच्या सभा तापल्या असतील! आमच्याही तापल्या. “आम्ही मिळकतकर भरतो ना, मग हे वेगळे पैसे कशाला?” हा प्रश्न आमच्याकडच्या एका ज्येष्ठ काकांनी दरवर्षी विचारला आणि तो गैर नाही. कर भरणाऱ्याला सेवा मागण्याचा हक्क आहेच.

पण मला त्या थेट पैशांत एक गोष्ट दिसते जी करातून कधीच साधत नाही. महापालिकेच्या पगारावर असलेला माणूस एक दिवस आला नाही तर मला कुणाला विचारायचं ते माहीत नसतं. आरोग्य कोठीत जाऊन मुकादमाला शोधायचं, त्यानं वर बोट दाखवायचं. इथे मावशी दारात येतात. त्या आल्या नाहीत तर मी त्यांना विचारते, आणि मी कचरा वेगळा दिला नाही तर त्या मला विचारतात. दोन्हीकडून उत्तरदायित्व आहे. वर्गीकरणाची सवय लागायची तर रोज एका ओळखीच्या माणसानं ते बघायला हवं. जाहिरातफलकांनी जे होत नाही ते ‘ताई, उद्यापासून वेगळं द्या’ या वाक्यानं होतं. मी स्वतः त्या वाक्यानंच सुधारले.

त्याची कमकुवत बाजूही तिथेच आहे. पैसे देणारा स्वतःला मालक समजू लागतो. सुट्टीच्या दिवसाचे पैसे कापणं, जिन्याऐवजी लिफ्ट वापरू न देणं, पाणी मागितलं तर वेगळ्या भांड्यातून देणं, अंगण झाडून घेण्याची फुकट अपेक्षा, हे सगळं या शहरात चालतं आणि सुशिक्षित म्हणवणाऱ्या इमारतींत चालतं. काही घरं महिनोन् महिने शुल्क देत नाहीत आणि कचरा मात्र दारात ठेवतात. दोनशे घरांपैकी चाळीस घरांनी पैसे बुडवले तर तो तोटा सोसायला ना महापालिका येते ना संस्था. तो दोन बायकांच्या घरखर्चातून जातो. शुल्काची वसुली वेचकांच्याच गळ्यात टाकणं हा या रचनेतला सगळ्यात अवघड भाग आहे, आणि तो अजून नीट सुटलेला नाही.

2016 चे घनकचरा व्यवस्थापन नियम आले तेव्हा या पद्धतीला देशपातळीवर कायद्याचा आधार मिळाला. कचरा निर्माण करणाऱ्यानं तो ओला, सुका आणि घरगुती घातक अशा तीन भागांत द्यावा, शुल्क भरावं, आणि स्थानिक संस्थांनी कचरावेचकांच्या संघटनांना ओळख देऊन व्यवस्थेत सामावून घ्यावं, असं त्यात लिहिलं होतं. आधीच्या नियमांनी ज्यांचं काम हिरावलं जाण्याची भीती होती, त्यांचं नाव नव्या नियमांत कर्तव्य म्हणून आलं. त्यामागे देशभरच्या संघटनांची मेहनत आहे.

वर्तमानपत्राचं पुडकं आणि लाल ठिपका

सॅनिटरी पॅडच्या मुद्द्यावर मला थांबून लिहायचं आहे, कारण घर, कामगार, शासन आणि कंपन्या या चौघांचे संबंध तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतात, आणि त्यावर बोलायला आपण अजूनही कचरतो.

वापरलेलं पॅड किंवा डायपर सुक्या कचऱ्यात उघडं टाकलं जातं. निवडायला बसलेल्या बाईच्या हातात ते येतं. रक्त, विष्ठा, जंतुसंसर्गाचा धोका हे तर आहेच, पण त्याहून खोल लागणारी गोष्ट आहे ती अपमानाची. जातीनं आणि गरिबीनं ज्यांच्यावर घाणीचं काम लादलं, त्यांच्या हातात पुन्हा दुसऱ्याच्या शरीराची घाण द्यायची, तीही कागदात गुंडाळण्याचे कष्ट न घेता. कित्येक मावशी सांगतात की त्या दिवशी जेवण घशाखाली उतरत नाही.

स्वच्छच्या सभासद बायकांनी यावर पहिला उपाय स्वतःच केला. जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या चिकटवून त्या विकायला काढल्या, पॅड गुंडाळण्यासाठी. ढकलगाडी ओढणं वयामुळे झेपत नाही अशा सभासदांनाही त्यातून काम मिळालं. पण शहरातल्या सगळ्या घरांपर्यंत पोचायला ते पुरेसं नव्हतं. मग त्यांनी प्रश्न जिथून सुरू होतो तिथे बोट ठेवलं. पॅड बनवणाऱ्या कंपन्या कोट्यवधी नग विकतात, जाहिरातीत निळं पाणी दाखवतात, आणि वापरानंतर त्याचं काय होतं याची जबाबदारी घेत नाहीत. 2013 च्या सुमारास बायकांनी वापरलेली पॅड पिशव्यांत भरून त्या कंपन्यांनाच परत पाठवली.

ही कृती अनेकांना किळसवाणी वाटली. मला ती अत्यंत न्याय्य वाटते. रोज जे दुसऱ्याच्या हातात जातं ते एक दिवस बनवणाऱ्याच्या टेबलावर गेलं, इतकंच. 2016 च्या नियमांत सॅनिटरी पॅड आणि डायपरच्या उत्पादकांनी विल्हेवाटीसाठी पाकिटाबरोबर वेष्टन किंवा पिशवी द्यावी, अशी तरतूद आली. 2017 मध्ये ‘लाल ठिपका’ मोहीम सुरू झाली. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळा, वर लाल ठिपका काढा, वेगळं द्या. शाईपेनानं, लिपस्टिकनं, कुंकवानं, कशानंही काढा. ठिपका दिसला की बाईला पुडकं उघडून बघावं लागत नाही. याला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही, दिवसाचे पंधरा सेकंद लागतात.

तरीही प्रत्येक घर ते करत नाही. लाज आड येते. पॅड दुकानातून काळ्या पिशवीत गुंडाळून आणायचं, पण वापरल्यावर उघडं टाकायचं, ही विसंगती मी माझ्या ओळखीच्या शिकल्यासवरल्या घरांत पाहिली आहे. ज्या घरांत पुरुषही या विषयावर बोलतात तिथे ठिपका लवकर येतो, हे माझं निरीक्षण.

उद्योगांचा हात

2011 मध्ये कात्रज प्रभागात ‘शून्य कचरा’ प्रयोग झाला. जनवाणी ही संस्था, कमिन्स इंडिया कंपनी, महापालिका आणि स्वच्छ एकत्र आले. कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी घरोघरी जाऊन वर्गीकरण समजावलं, ओला कचरा प्रभागातच जिरवण्यावर भर दिला गेला, सुका वेचकांकडे. शहरात इतरत्र त्याची नक्कल झाली, पण तेवढ्या चिकाटीनं घरोघरी जाणारी माणसं सगळीकडे मिळाली नाहीत, म्हणून निकालही सारखे आले नाहीत.

दुसरी अडचण भाव नसलेल्या मालाची. वेफर्सची, बिस्किटांची, शाम्पूच्या पुडीची चकचकीत वेष्टनं अनेक थरांची असतात. ती वितळवून पुन्हा वापरणं अवघड, म्हणून भंगारवाला घेत नाही. वेचक ती का गोळा करेल? वजनाला हलकं, वेळ खाणारं आणि पैसे शून्य. 2016 च्या प्लास्टिक नियमांनी उत्पादकांवर विस्तारित, म्हणजे वापरून झालेल्या वेष्टनांच्या विल्हेवाटीचीही, जबाबदारी टाकली, त्यानंतर आयटीसीसारख्या कंपनीनं स्वच्छ आणि महापालिकेबरोबर अशी वेष्टनं गोळा करण्याचा उपक्रम पुण्यात चालवला. तत्त्व सरळ आहे. बाजार ज्या वस्तूला भाव देत नाही तिच्या गोळा करण्याची मजुरी ती बनवणाऱ्यानं द्यावी. माझं म्हणणं इतकंच की ही मजुरी एखाद्या प्रकल्पापुरती आणि कंपनीच्या मर्जीवर राहू नये. दुधाच्या पिशवीला जसा भाव आहे तसा वेष्टनालाही ठरलेला भाव हवा, मग बाजार चढो की उतरो.

टन आणि भंगार

या सगळ्यात खरं पाणी कुठे मुरतं ते आता सांगते. कचऱ्याच्या वाहतुकीचे आणि प्रक्रियेचे ठेके बहुतेक ठिकाणी टनावर असतात. जितके टन जास्त, तितकं बिल जास्त. त्यामुळे कचरा कमी व्हावा, कोरडा व्हावा, वेगळा व्हावा असं ठेकेदाराला वाटण्याचं काही कारण नाही. कचरावेचकाचं गणित नेमकं उलटं. ती ढिगातून जितकं बाहेर काढेल तितकी तिची कमाई. तिच्या कमाईचा प्रत्येक किलो म्हणजे डेपोवर न गेलेला किलो. पर्यावरणाचं हित आणि पोटाचं हित एकाच दिशेला चालतील अशी व्यवस्था फार थोड्या ठिकाणी सापडते. ‘सुका माल वेचकांचा’ ही करारातली ओळ काढून टाकली की ती व्यवस्था संपते, मग त्याच बायकांना ठेकेदारानं पगारावर ठेवलं तरी.

म्हणून करार संपायला आला की दर वेळी ताण वाढतो. पहिला करार 2013 मध्ये संपला आणि पुढचा पाच वर्षांचा करार व्हायला 2016 उजाडलं. तो 2020 च्या अखेरीला संपला तेव्हा ऐन महासाथ चालू होती. टाळेबंदीत आम्ही सगळे दारं लावून बसलो असताना याच बायका रोज येत होत्या, बाधित घरांच्या जिन्यातूनही जात होत्या. त्यानंतर काही महिने काम मुदतवाढीवर चाललं, हे काम ठेकेदारांकडे द्यावं असा विचार पुढे आला. कचरावेचकांनी निदर्शनं केली. या वेळी त्यांच्या बाजूनं सोसायट्या आणि नागरिकही उभे राहिले, पत्रं लिहिली. 1993 मध्ये ज्या घरांना कचरा उचलणाऱ्या बाईचं नाव माहीत नव्हतं, त्या घरांतली माणसं तिच्या करारासाठी सह्या करत होती. दर महिन्याला दारात जे थोडे रुपये हातातून हातात गेले, त्यांनी ही ओळख घडवली असं मी मानते. करार पुढे चालू राहिला.

ज्यांना विचारलंच नाही ते

या प्रकरणात एक बाजू सुरुवातीपासून टेबलाबाहेर राहिली. पुण्याचा कचरा पूर्वी कोथरूडच्या डेपोत जायचा, जिथे आज मेट्रोची डेपो इमारत आहे. शहर वाढत कोथरूडपर्यंत आलं आणि कचरा शहराबाहेर, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या माथी गेला. तिथल्या लोकांनी दुर्गंधी सोसली, विहिरींचं पाणी नासलेलं पाहिलं, आगींचा धूर गिळला. त्यांनी वेळोवेळी रस्त्यावर येऊन कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, आणि गाड्या अडल्या की चार दिवसांत पुण्याचे रस्ते भरले. शहरानं वर्गीकरण गांभीर्यानं घेतलं यात या गावकऱ्यांच्या आंदोलनाचा वाटा फार मोठा आहे. कंपनीच्या लोकांना जसं बैठकीला बोलावलं गेलं तसं त्यांना फारसं कुणी बोलावलं नाही. 2017 मध्ये ही दोन्ही गावं महापालिका हद्दीत आली, म्हणजे कागदोपत्री तेही पुणेकर झाले; 2024 मध्ये मात्र ती हद्दीबाहेर निघून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली.

दरम्यान हद्द आणखी वाढली. 2021 मध्ये 23 गावं आली. शहराचा रोजचा कचरा आता 2,000 टनांच्या पुढे आहे. नव्या भागांत मोठमोठी गृहसंकुलं आहेत, आणि तिथे आधीपासून खासगी लोक कचरा उचलत असतात. जुन्या वाड्या-सोसायट्यांसाठी बसवलेली जोडी आणि ढकलगाडी तीसमजली मनोऱ्यात तशीच चालत नाही.

मला अधिक काळजी वाटते ती निवडायच्या जागेची. कागदावर शेड आहे, प्रत्यक्षात बऱ्याच मावशी अजून पदपथावर, पुलाखाली, झाडाच्या सावलीत पोती उपसतात. पावसाळ्यात पुठ्ठा भिजला की त्याचा भाव पडतो. शेडसाठी प्रभागात जागा सुचवली की आसपासच्या इमारती हरकत घेतात, आणि त्या इमारतींचाच माल तिथे निवडला जाणार असतो. आमच्या भागात अशी जागा बघितली जात होती तेव्हा हरकतीचं पत्र आमच्याही सोसायटीतून गेलं. मी सही केली नाही, पण विरोधात उभीही राहिले नाही, आणि ते मला आजही सलतं. शेड झाली नाही. आमच्याकडे येणाऱ्या दोघी अजून गल्लीच्या टोकाला, बंद पडलेल्या दुकानाच्या पायरीवर बसून आमचा सुका कचरा निवडतात. पुढच्या वार्षिक सभेत जागेचा विषय पुन्हा घ्यावा असं लेखी पत्र मी गेल्या महिन्यात समितीला दिलं आहे, आणि त्यावर आतापर्यंत अकरा घरांच्या सह्या आहेत.